दिवा लावल्यावर दिसणारा सागरतळ : एका पृथ्वीगोलाचे परीक्षण

उष्ण कटिबंधातल्या महासागरांत दूरदूर विखुरलेली बेटे ज्याला समजून घ्यायची आहेत, त्याने पृथ्वीगोल निवडताना खंडांकडे फारसे पाहू नये. खंड कोणत्याही गोलावर ओळखू येतात. गोल तयार करणाऱ्याची खरी परीक्षा होते ती पॅसिफिकच्या मध्यावर, जिथे छपाईला जागा भरपूर असते आणि छापण्याजोगी जमीन जवळजवळ नसते. 40 सेंटीमीटर व्यासाचा, आतून दिवा असलेला जो गोल मी सध्या वापरतो आहे, त्याचे परीक्षण मी एवढ्या एकाच कसोटीवर केले आहे. दिवा बंद असताना त्यावर देशांच्या रंगांचा राजकीय नकाशा दिसतो. दिवा लावला की ते रंग फिके पडतात आणि डोंगर, पठारे व मुख्य म्हणजे सागरतळाचा उंचसखलपणा छायांकनातून उमटतो. माझे मत आधीच सांगतो. दिवा लावलेला असताना हा गोल उत्कृष्ट आहे, दिवा बंद असताना तो निष्काळजी आहे, आणि सोबत दिलेली माहितीपुस्तिका बेटांच्या इतिहासावर अन्याय करणारी आहे.

आधी मापाविषयी. या आकाराच्या गोलावर 1 सेंटीमीटर म्हणजे सुमारे 320 किलोमीटर. जेमतेम 21 चौरस किलोमीटरांचा नाउरू हा देश खऱ्या प्रमाणात काढला, तर तो मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढा होईल, म्हणजेच डोळ्याला दिसणार नाही. किरिबातीची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. या देशाची 33 बेटे पूर्व-पश्चिम 4,000 किलोमीटरांहून अधिक अंतरात पसरलेली आहेत, म्हणजे गोलावर तो देश 13 सेंटीमीटर रुंद आहे. त्याच्या भोवतीचे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथली सागरी संपत्ती वापरण्याचा हक्क फक्त त्या देशाला असतो तो समुद्र, सुमारे 35 लाख चौरस किलोमीटरांचे आहे. आणि एवढ्या विस्तारात जमीन आहे 811 चौरस किलोमीटर. अशा देशासाठी नकाशाकाराला ठिपके मोठे करून काढावेच लागतात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की सर्व ठिपके सारखेच काढले आहेत. 388 चौरस किलोमीटरांचे किरितिमाती, ज्यात किरिबातीची जवळपास निम्मी जमीन सामावली आहे, आणि 6 चौरस किलोमीटरांचे बानाबा यांच्या ठिपक्यांत काहीच फरक नाही. समुद्रापासून दोन-तीन मीटर उंचीचे प्रवाळी कंकणद्वीप (कड्याच्या आकाराचे प्रवाळाचे बेट) आणि ढगांत शिखर असलेले ज्वालामुखी बेट यांच्यासाठीही एकच खूण वापरली आहे. गोड्या पाण्याची उपलब्धता, शेती, वादळात आसरा मिळेल की नाही, लोक तिथे टिकले की निघून गेले, हे सारे ज्या भेदावर अवलंबून असते तोच भेद राजकीय नकाशातून गळला आहे. दोन वेगळ्या खुणा वापरणे अवघड नव्हते.

दिवा लावला की हा दोष बऱ्याच अंशी भरून निघतो. हवाई बेटांवर बोट ठेवून वायव्येकडे सरकत गेले, तर बेटे संपल्यावरही डोंगररांग संपत नाही. ती पाण्याखालून तशीच पुढे जाते, मिडवे बेटाच्या पलीकडे एका ठिकाणी स्पष्टपणे उत्तरेला वळते आणि अल्यूशियन गर्ता या खोल सागरी खंदकापाशी जाऊन थांबते. सुमारे 6,000 किलोमीटर लांबीची ही साखळी 80 हून अधिक ज्वालामुखींची आहे. पृथ्वीच्या प्रावरणातील (कवचाखालच्या थरातील) एका तप्तबिंदूवरून, म्हणजे जिथून वितळलेला खडक वर येत राहतो अशा जागेवरून, पॅसिफिक भूपट्ट (कवचाचा प्रचंड तुकडा) सरकत गेला आणि ज्वालामुखी एकामागून एक तयार होत गेले. जो पुढे गेला तो थंड झाला, झिजला, खचला आणि पाण्याखाली गेला. साखळीतले ते वळण सुमारे 4.7 कोटी वर्षांपूर्वीचे आहे. हवाई बेटाच्या आग्नेयेला लोइही हा ज्वालामुखी अजून समुद्राखाली सुमारे 1 किलोमीटर खोल आहे आणि वाढतो आहे. हवाई बेटावरच्या मौना केआची समुद्रसपाटीपासूनची उंची 4,200 मीटरच्या आसपास असली, तरी तळापासून मोजल्यास तो पर्वत 10 किलोमीटरांहून उंच भरतो. छायांकन इतके नेमके आहे की पर्वतराशीच्या वजनाने तिच्या भोवतीचा सागरतळ थोडा खाली दबलेला आहे, तेही बारकाईने पाहिले तर कळते. ज्याने कोणी हा सागरतळ रंगवला आहे, त्याने मनापासून काम केले आहे.

हिंदी महासागरातली साखळी मला त्याहूनही मोलाची वाटते, कारण तिचे एक टोक दख्खनच्या पठारात आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तबिंदूतून दख्खनच्या लाव्हाचे थरांवर थर बाहेर पडले, तोच आज रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर जागा होतो. मधल्या काळात भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला, आणि त्या प्रवासाची खूण म्हणून लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांना एका ओळीत जोडणारा उंचवटा सागरतळावर राहिला. दिवा लावल्यावर हा उंचवटा 73 अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपास उत्तर-दक्षिण असा सरळ दिसतो. पुढे मध्य-हिंदी महासागरी कटकाने, म्हणजे जिथे नवा सागरतळ निर्माण होऊन दोन्ही बाजूंना सरकतो त्या पट्ट्याने, ही साखळी तोडली आहे, आणि तिचा पुढचा भाग पश्चिमेला मस्कारेन पठार, मॉरिशस आणि रीयुनियन असा मिळतो. राजकीय नकाशावर हीच बेटे भारत, मालदीव, ब्रिटन, मॉरिशस आणि फ्रान्स अशा पाच रंगांत वाटली गेली आहेत. दिव्याचे बटण दोनतीनदा चालू-बंद केले, की एका भूशास्त्रीय कुळाचे राजकीय तुकडे कसे पडले ते काही क्षणांत समजते; केवळ एवढ्या एका दृश्यासाठी हा गोल घरात किंवा वर्गात असावा असे मला वाटते.

कंकणद्वीपांच्या बाबतीत गोल काही दाखवतो, काही दाखवू शकत नाही. मार्शल बेटांभोवती सागरतळ चार-पाच किलोमीटर खोल आहे आणि त्यातून वेगवेगळे उंच सुळके उभे आहेत, हे छायांकनात स्वच्छ दिसते. पण त्या सुळक्यांच्या माथ्यावर काय आहे, हे समजण्यासाठी चार्ल्स डार्विनचा 1842 मध्ये प्रसिद्ध झालेला विचार ठाऊक असावा लागतो. ज्वालामुखी हळूहळू खचत जातो, त्याच्या काठावरचे प्रवाळ तितक्याच गतीने वर वाढत राहते, आणि शेवटी डोंगर पाण्याखाली जाऊन मध्ये फक्त खारकच्छ (खाऱ्या पाण्याचे उथळ तळे) व भोवती प्रवाळाचे कडे उरते, असे त्याने मांडले. एप्रिल 1836 मध्ये तो हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर गेला होता, परंतु कल्पनेचा गाभा त्याला प्रत्यक्ष प्रवाळखडक पाहण्याआधीच दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर सुचला होता. पुरावा मिळायला मात्र शतकाहून अधिक काळ लागला. 1952 मध्ये मार्शल बेटांपैकी एनेवेटाक या कंकणद्वीपावर खोल छिद्रे पाडली, तेव्हा बाराशे मीटरांहून अधिक जाडीचा प्रवाळी चुनखडक ओलांडल्यावर खाली ज्वालामुखीचा खडक लागला. एनेवेटाकच्या रहिवाशांना त्याआधीच, 1947 मध्ये, तिथून हलवण्यात आले होते, कारण अमेरिकेने ते कंकणद्वीप अणुचाचण्यांसाठी निवडले होते. 1948 ते 1958 या काळात तिथे 43 चाचण्या झाल्या. एका मोठ्या वैज्ञानिक प्रश्नाचे उत्तर ज्या ठिकाणी मिळाले, तिथेच लोकांचे घर हिरावले गेले, ही गोष्ट माहितीपुस्तिकेत एका ओळीत तरी यायला हवी होती. तिथे डार्विन आहे, एनेवेटाक नाही.

सपाट नकाशापेक्षा गोल कुठे सरस ठरतो, ते अंतर मोजताना कळते. एक बारीक दोरा दोन बिंदूंमध्ये ताणून धरला की तो आपोआप सर्वांत जवळचा मार्ग दाखवतो, आणि दोऱ्याची लांबी 320 ने गुणली की किलोमीटर मिळतात. दक्षिण अटलांटिकमधले सेंट हेलेना ते आफ्रिकेचा किनारा सुमारे 6 सेंटीमीटर, म्हणजे 1,950 किलोमीटर. रापा नुई अर्थात ईस्टर बेट ते चिली सुमारे 11 सेंटीमीटर, म्हणजे 3,500 किलोमीटर. दक्षिण पॅसिफिकमधल्या पिटकेर्न समूहातील ड्यूसी या कंकणद्वीपापासून दक्षिणेकडे सुमारे साडेआठ सेंटीमीटर गेले, की महासागरातला असा बिंदू येतो ज्याच्यापासून कोणतीही जमीन 2,688 किलोमीटरांपेक्षा जवळ नाही. दोऱ्याने इतिहासही मोजता येतो. 1767 मध्ये फिलिप कार्टरेट या ब्रिटिश कप्तानाने पिटकेर्न पाहिले, पण त्याच्याजवळ सागरी कालमापक (रेखांश काढण्यासाठी लागणारे अचूक घड्याळ) नव्हता. त्याचे अक्षांश बरोबर आले आणि रेखांश सुमारे 3 अंशांनी चुकले. गोलावर ही चूक जेमतेम 1 सेंटीमीटर भरते. बाउंटी या ब्रिटिश जहाजावर बंड करून पळालेल्या खलाशांना 1790 मध्ये याच सेंटीमीटरने आसरा दिला: नकाशावर जिथे बेट होते तिथे ते नव्हते, आणि जिथे ते होते तिथे 1808 पर्यंत कोणी शोधायला गेले नाही. छायांकन, रंग आणि ठिपके यांतून जे कळत नाही ते अशा एका मापातून कळते, आणि त्यासाठी 30 सेंटीमीटरच्या गोलापेक्षा हा मोठा आकार निश्चितच सोयीचा आहे.

आता या गोलाचा सर्वांत गंभीर दोष. प्लास्टिकचे दोन अर्धगोल विषुववृत्तावर जोडून त्यावर सुमारे 5 मिलिमीटर रुंदीची पट्टी चिकटवलेली आहे. अशी पट्टी अनेक गोलांवर असते, आणि खंडांच्या बाबतीत तिने फारसे बिघडत नाही. ब्राझील किंवा काँगो तिच्यामुळे हरवत नाही. पण पट्टी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे 80 किलोमीटर व्यापते, आणि नाउरू विषुववृत्तापासून सुमारे 60 किलोमीटर दक्षिणेला आहे. परिणामी एक सार्वभौम देश पट्टीखाली गेला आहे आणि त्याचे नाव तेवढे वर तरंगते आहे. पॅसिफिकमधल्या बेकर आणि जार्विस या बेटांचेही तेच झाले आहे. बानाबा आणि हाउलँड काठावर कसेबसे वाचले आहेत. पट्टीवरच हे ठिपके पुन्हा छापणे शक्य होते, आणि ते न करणे हा निव्वळ आळस आहे.

मला हे विशेष खटकते, कारण नाउरू आणि बानाबा ही बेटे याआधीही जगाच्या नजरेआड राहूनच ओरबाडली गेली. 1900 मध्ये तिथे फॉस्फेट असल्याचे लक्षात आले, आणि पुढे दशकानुदशके तो ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या शेतांत खत म्हणून गेला. बानाबावरचे खाणकाम 1979 पर्यंत चालले. तिथल्या लोकांना दुसऱ्या महायुद्धानंतर, 1945 मध्ये, फिजीतील राबी बेटावर नेऊन वसवण्यात आले आणि त्यांचे बहुसंख्य वंशज आजही तिथेच आहेत. नाउरू 1968 मध्ये स्वतंत्र झाला, तोपर्यंत त्याच्या मधल्या पठाराचा मोठा भाग खणून निघाला होता आणि तिथे चुनखडकाचे उघडे सुळके उरले होते. 1989 मध्ये या छोट्या देशाने ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि 1993 मध्ये तडजोड होऊन त्याला भरपाई मान्य झाली. इतक्या झगड्यानंतर जगात उभ्या राहिलेल्या देशाला गोलावर एक ठिपका मिळणे हा त्याचा किमान हक्क आहे.

राजकीय नकाशावर बेटांच्या नावापुढे कंसात सत्ताधारी देशाचे आद्याक्षर दिले आहे, आणि माझ्या मते या मोजक्या अक्षरांकडे सर्वांत अधिक लक्ष द्यायला हवे. बेकर, हाउलँड आणि जार्विस यांच्यापुढे अमेरिका आहे, कारण 1856 च्या एका अमेरिकी कायद्याने समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत जिथे सापडेल अशा निर्जन बेटांवर दावा सांगण्याची मुभा दिली होती. मेक्सिकोच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या क्लिपर्टनपुढे फ्रान्स आहे. तिथे मेक्सिकोची सैन्यतुकडी कुटुंबांसह राहत होती. 1914 नंतर क्रांतीच्या धामधुमीत रसद थांबली, आणि जुलै 1917 मध्ये एक अमेरिकी युद्धनौका पोहोचली तेव्हा काही स्त्रिया आणि मुलेच उरली होती. मालकीचा निवाडा 1931 मध्ये लवाद म्हणून इटलीच्या राजाने फ्रान्सच्या बाजूने दिला. मादागास्करच्या पूर्वेला असलेल्या, सुमारे 1 चौरस किलोमीटरच्या त्रोमलँपुढेही फ्रान्सच आहे. 1761 मध्ये या वाळूच्या तुकड्यावर एक फ्रेंच जहाज फुटले. खलाशी नवी नाव बांधून निघून गेले आणि मादागास्करहून गुलाम म्हणून नेले जाणारे लोक परत येण्याच्या आश्वासनावर मागे ठेवले गेले. 1776 मध्ये त्यांना नेण्यासाठी जहाज आले, तेव्हा सात स्त्रिया आणि आठ महिन्यांचे एक बाळ जिवंत होते. बेटाला नाव मात्र त्या जहाजाच्या कप्तानाचे मिळाले.

चागोसपुढे ब्रिटन आहे. 1965 मध्ये मॉरिशसपासून हा समूह वेगळा करण्यात आला आणि 1968 ते 1973 या काळात दिएगो गार्सियावरील लष्करी तळासाठी सर्व रहिवाशांना हुसकावून लावण्यात आले. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे विभाजन कायदेशीर नव्हते असे सल्लागार मत दिले. बाकी काही वादग्रस्त सीमा या गोलावर तुटक रेषांनी दाखवल्या आहेत. मग समुद्रातल्या वादासाठी एखादी तारांकित खूण का नसावी?

पुस्तिकेविषयी थोडे कठोरपणे लिहिणे भाग आहे. तिच्या एका तक्त्यात बेटांचा ‘शोध’ दिला आहे: ग्वाम, मॅगेलन, 1521, मार्केसास, मेंदान्या, 1595, रापा नुई, रोगेवेन, 1722, ताहिती, वॉलिस, 1767, हवाई, कुक, 1778. या प्रत्येक ठिकाणी त्या त्या कप्तानाच्या स्वागताला माणसे किनाऱ्यावर उभी होती. लापिता संस्कृतीची मृद्भांडी बनवणारे लोक सुमारे 3,000 वर्षांपूर्वी टोंगा आणि सामोआला पोहोचले होते. त्यांचे वंशज दीर्घ विरामानंतर पूर्वेकडे निघाले आणि साधारण इसवी सन 1200 च्या सुमारास रापा नुईपर्यंत गेले. दक्षिण अमेरिकेतले रताळे युरोपीय जहाजे येण्याआधीच पॉलिनेशियात रुजलेले होते, यावरून त्या खंडाशीही संपर्क झाला असावा. ताहितीजवळच्या रायातेआ बेटाचा जाणकार नाविक तुपाइया 1769 मध्ये कुकच्या जहाजावर चढला आणि त्याच्या माहितीवरून सत्तरहून अधिक बेटांचा नकाशा तयार झाला. 1976 मध्ये पश्चिम पॅसिफिकमधल्या सातावाल बेटाच्या माउ पियाइलुग या नाविकाने होकुलेआ ही जोडनौका कोणतेही उपकरण न वापरता, तारे, लाटा आणि पक्षी यांच्या आधाराने हवाईहून ताहितीला नेली. गोलावर हे अंतर सुमारे 14 सेंटीमीटर भरते आणि त्या सबंध रेषेवर मोजकीच कंकणद्वीपे आहेत. एवढे ज्ञान ज्या लोकांकडे होते, त्यांच्या बेटांचा ‘शोध’ इतरांच्या खात्यावर लिहिणे चुकीचे आहे. सेंट हेलेनाची गोष्ट वेगळी: 1502 मध्ये पोर्तुगीज आले तेव्हा ते खरोखर निर्जन होते, आणि तिथे हा शब्द शोभतो. तक्त्यात ‘पहिली वस्ती’ असा एक रकाना वाढवला असता तरी पुरले असते. रापा नुईच्या नोंदीत पुतळ्यांचे कौतुक आहे, परंतु 1862-63 मध्ये पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तिथली माणसे पळवून नेली आणि नंतर आलेल्या रोगराईसह ही घट 1877 मध्ये 111 रहिवाशांपर्यंत गेली, हे नाही.

अद्ययावतपणात मात्र गोल खरा उतरतो. आंतरराष्ट्रीय वाररेषा किरिबातीच्या पूर्वेकडून मोठे वळण घेऊन जाते, जे 1995 पासून योग्य आहे. त्याआधी त्या देशाचे दोन भाग वेगवेगळ्या वारांत जगत होते. सामोआ आता रेषेच्या पश्चिमेला आहे, कारण 30 डिसेंबर 2011 हा दिवस तिथे उगवलाच नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या दरम्यान दीर्घकाळ छापले गेलेले सँडी बेटही इथे नाही. 2012 मध्ये एक संशोधन जहाज त्या ठिकाणी गेले, तेव्हा तिथे 1,300 मीटरांहून अधिक खोल पाणी आढळले. जुना गोल स्वस्तात मिळत असेल तर या तीन जागा आधी पाहाव्यात.

शेवटचा मुद्दा बैठकीचा. या गोलाच्या दोन आवृत्त्या मिळतात. पहिलीत अक्ष 23.5 अंशांनी कललेला आणि पक्का असतो. टेबलावर ठेवल्यावर दक्षिण गोलार्धातली पिटकेर्न, सेंट हेलेना, मॉरिशस ही सारी बेटे खालच्या बाजूला जातात आणि ती पाहण्यासाठी वाकावे लागते. शिवाय बाजूची अंशांकित कमान नेमकी हव्या त्या जागी दोऱ्याच्या आड येते. दुसरीत गोल दोन अक्षांवर फिरतो, त्यामुळे दक्षिण पॅसिफिक समोर आणून ठेवता येतो आणि एका दृष्टिक्षेपात पाणीच पाणी दिसते. बेटांसाठी गोल घेणाऱ्याने दुसरीच आवृत्ती घ्यावी. तिचा दिवा एलईडी असल्याने गोल तापत नाही, आणि ठिपके व नावे वाचण्यासाठी एक साधे भिंग जवळ ठेवले तर काम भागते. विषुववृत्तावरच्या पट्टीवर नाउरू, बेकर आणि जार्विसचे ठिपके बारीक टोकाच्या कायम शाईच्या पेनाने स्वतःच काढून घ्यावेत. नाउरूसाठी 167 अंश पूर्व रेखावृत्त धरून विषुववृत्ताच्या खाली दोन मिलिमीटरांपेक्षा किंचित कमी अंतर ठेवावे.